'विथहोल्ड'ला जर्मनमध्ये काय म्हणायचं? आधी हक्क कुणाचा ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका अनुवादकाकडे इंग्रजीतला पुरवठा-करार जर्मनमध्ये करायला आला आहे. त्यात 'विथहोल्ड' हे एकच क्रियापद चार ठिकाणी आलंय. पुरवठादाराला काम उपकंत्राटदाराकडे द्यायचं असेल तर खरेदीदाराची संमती लागेल, आणि ती संमती अवाजवी कारणाने 'विथहोल्ड' करता येणार नाही. कायद्याप्रमाणे लागणारा कर खरेदीदार बिलातून 'विथहोल्ड' करेल. माल सदोष निघाला तर रकमेचा काही भाग 'विथहोल्ड' करेल. आणि कराराला जोडलेल्या तक्रारपत्रात म्हटलंय की चाचणीचे अहवाल आमच्यापासून 'विथहोल्ड' केले गेले. अनुवादकाने चारही ठिकाणी 'फोरएन्टहाल्टन' लिहिलं. जर्मन तपासनिसाने त्यातल्या तीन ठिकाणी लाल रेघ मारून परत पाठवलं, कारण दिलं नाही. शब्दकोशात तर हा पहिल्या दोन-तीन अर्थांत सापडतो, मग चुकलं कुठे?

तपासनिसाचं बरोबर आहे. मात्र कारण न देता नुसती रेघ मारून उपयोग नव्हता, कारण ते एकदा कळलं की पुढची पन्नास वाक्यं आपोआप सुटतात.

इंग्रजी क्रियापद फक्त एवढंच सांगतं की वस्तू माझ्या हातात आहे आणि मी ती तुझ्याकडे जाऊ देत नाही. ती वस्तू मुळात कुणाची, तुझा तिच्यावर हक्क आहे की नाही, तू ती मागितलीस की नाही, मी ती कायमची ठेवणार की काही काळ, यातलं काहीही ते बोलत नाही. जर्मनमध्ये असं मौन पाळणारं एकही क्रियापद नाही. कुठलंही निवडा, वरच्यापैकी एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊन बसता. 'फोरएन्टहाल्टन' म्हटलं की उत्तर असं होतं: ज्याला द्यायला हवं होतं त्याला दिलं नाही. त्यात आरोप आहे. संमतीच्या, कराच्या आणि सदोष मालाच्या कलमात तुम्ही नकळत तुमच्याच ग्राहकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपणही हे काम एका शब्दावर भागवत नाही. कर 'कापतात', पगार 'अडवतात', परवानगी 'नाकारतात', माहिती 'दडवतात', रक्कम 'राखून ठेवतात'. 'कंपनीने माझा कर अडवला' असं कुणी म्हणणार नाही, आणि 'कंपनीने माझा पगार कापला' म्हटलं तर अर्थच बदलतो. म्हणून इंग्रजीतून जर्मनमध्ये जाताना मनात एकदा मराठी वाक्य करून पाहा, असं मी नव्या अनुवादकांना नेहमी सांगते. इंग्रजीने जे झाकलंय ते मराठी क्रियापद निवडताना उघडं पडतं, आणि तिथून जर्मन शब्द जवळ असतो. कापणे म्हणजे 'आइनबेहाल्टन', नाकारणे म्हणजे 'फेअरवायगर्न', काम होईपर्यंत अडवून ठेवणे म्हणजे 'त्सुरूकबेहाल्टन', गप्प राहून दडवणे म्हणजे 'फेअरश्वायगन'. हक्काचं असून न देणे, ते 'फोरएन्टहाल्टन'.

आता तुमची चार वाक्यं घेऊ. सगळ्यात जास्त वेळ संमतीच्या वाक्यावर घालवायला हवा, कारण वकील तिथेच अडतात.

संमती ही खरेदीदाराची आहे. ती देणं न देणं त्याच्या हातात आहे, पुरवठादाराला ती आयती मिळण्याचा हक्क नाही. म्हणून इथे 'फेअरवायगर्न'. 'दी त्सुश्टिमुंग डार्फ निश्ट ओने झाखलिशन ग्रुंट फेअरवायगर्ट वेर्डन', म्हणजे वस्तुनिष्ठ कारणाशिवाय संमती नाकारता येणार नाही. 'अवाजवी कारणाने' या इंग्रजी क्रियाविशेषणासाठी शब्दशः 'उनफेअरन्युन्फ्टिश' लिहू नका. ते माणसाच्या अकलेबद्दल बोलतं, कराराबद्दल नाही. 'उनबिलिश' चालतं, त्याला जर्मन नागरी संहितेत, म्हणजे बेगेबेमध्ये, जागा आहे. कलम ३१५ मध्ये एका पक्षाने 'बिलिगेस एर्मेसन'ने, म्हणजे न्याय्य विवेकाने, ठरवायचं असं म्हटलंय. त्याच कुळातला हा शब्द. पण 'ओने विश्टिगन ग्रुंट', म्हणजे महत्त्वाच्या कारणाशिवाय, हे मात्र टाळा. 'विश्टिगर ग्रुंट' हे जर्मन कायद्यात फार जड वजन आहे. कलम ३१४ प्रमाणे दीर्घकालीन करार मुदतीची वाट न पाहता तोडायला जे कारण लागतं, कलम ६२६ प्रमाणे नोकरीवरून तडकाफडकी काढायला जे कारण लागतं, त्याचं ते नाव आहे. 'अवाजवी'च्या जागी ते टाकलंत तर खरेदीदाराला संमती नाकारणं जवळपास अशक्य होऊन बसेल, आणि इंग्रजी करारात तसं कुणीही कबूल केलेलं नाही.

'संमती' या नामाकडेही लक्ष द्या. 'त्सुश्टिमुंग' हा व्यापक शब्द. आधी दिलेली संमती म्हणजे 'आइनविलिगुंग' (कलम १८३), नंतर दिलेली म्हणजे 'गेनेमिगुंग' (कलम १८४), आणि ही नंतरची संमती, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, व्यवहार झाला त्या क्षणापासून लागू होते. इंग्रजी करारात 'आगाऊ लेखी संमती' लिहिलेलं असेल आणि तुम्ही भरभर 'गेनेमिगुंग' लिहून गेलात, तर आगाऊपणाच निघून जातो.

अजून एक बारकावा आहे, आणि तो फारसे लोक लक्षात घेत नाहीत. इंग्रजी 'विथहोल्ड'मध्ये गप्प बसणंही येतं. पत्राला उत्तरच दिलं नाही, तरी संमती 'विथहोल्ड' झाली. 'फेअरवायगर्न'मध्ये नकार ऐकू येतो, आणि जर्मन कायद्यात मौन म्हणजे सर्वसाधारणपणे ना होकार ना नकार. इंग्रजी मजकुरात पुढे 'किंवा विलंब' असे शब्द असतील तर प्रश्न नाही, 'ओडर फेअरत्स्योगर्ट' जोडलं की झालं. ते नसतील तर मी वाक्य उलटं फिरवते: संमती द्यावीच लागेल, वस्तुनिष्ठ कारण आड येत नसेल तर. 'दी त्सुश्टिमुंग इस्ट त्सू एअरटायलन, झोफेर्न काइन झाखलिशर ग्रुंट एन्टगेगनश्टेट.' यात नकारही झाकला जातो आणि गप्प बसणंही. स्वतःच्या मनाने पंधरा दिवसांची मुदत वगैरे मात्र घालायची नाही, ते वकिलाचं काम.

दुसरं वाक्य कराचं. इथे वाद नाही, 'आइनबेहाल्टन'. जर्मन आयकर कायद्याचं कलम ३८ म्हणतं की मालकाने प्रत्येक पगाराच्या वेळी नोकराच्या वतीने 'लोनश्टॉयर', म्हणजे पगारावरचा कर, पगारातून 'आइनबेहाल्टन' करायचा. त्याची जोडी 'आबफ्युरन'शी, म्हणजे सरकारी तिजोरीत भरणा करण्याशी असते. कापायचा आणि भरायचा. आपल्याकडच्या टीडीएससारखीच ही व्यवस्था आहे. करारात 'कपात किंवा विथहोल्डिंग न करता' असं जोडशब्दांचं कलम येतं, तेव्हा 'ओने आबत्सूग ओडर आइनबेहाल्ट' लिहावं, त्यात कल्पकता दाखवू नये. जर्मन वकिलाला तो साचा पाठ असतो.

नामाच्या बाबतीत सावध राहा. 'विथहोल्डिंग टॅक्स'ला सरसकट 'क्वेलनश्टॉयर', म्हणजे उगमापाशी कापलेला कर, असं लिहितात. दोन देशांमधल्या कराराच्या संदर्भात ते चालतं. पण जर्मनीतल्या पगारावरचा तो 'लोनश्टॉयर', लाभांशावरचा 'कापिटालएअरट्रागश्टॉयर' (२५ टक्के, वर त्या कराच्या ५.५ टक्के एकता-अधिभार), आणि परदेशी कंपनीला दिलेल्या परवाना-शुल्कावरचा आयकर कायद्याच्या कलम ५०अ खालचा 'श्टॉयरआबत्सूग', दर १५ टक्के. हे शेवटचं पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना थेट लागू पडतं, कारण भारत आणि जर्मनीमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात अशा शुल्कासाठी कमाल दर १० टक्के आहे. स्वित्झर्लंडचा मजकूर असेल तर आणखी जपून. तिथे लाभांशातून कापला जातो तो ३५ टक्क्यांचा 'फेअररेश्नुंग्सश्टॉयर', आणि 'क्वेलनश्टॉयर' म्हणजे मुख्यतः परदेशी नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा कर. इंग्रजीत दोघांनाही एकच नाव देतात. झुरिचच्या वाचकाला चुकीचा शब्द वाचून वेगळाच कर डोळ्यांसमोर येतो.

तिसरं वाक्य सदोष मालाच्या पैशांचं. इथे खरेदीदार पैसे बुडवत नाही. तुझं काम नीट कर, मग घे, असं म्हणतो. जर्मन कायद्यात या हक्काला 'त्सुरूकबेहाल्टुंग्सरेश्ट' असं लांबलचक नाव आहे, बेगेबेच्या कलम २७३ मध्ये. गंमत म्हणजे त्याच कलमात क्रियापद मात्र 'फेअरवायगर्न' आहे: देणेकरी आपलं देणं 'नाकारू' शकतो, त्याला मिळायचं ते मिळेपर्यंत. म्हणजे नावात अडवणं आणि वाक्यात नाकारणं, दोन्ही कायदेकारांनी एकत्र नांदवलेत. तुमच्या करारात 'त्सुरूकबेहाल्टन' लिहा, कारण त्यात 'तोपर्यंत' हा भाव आहे. 'आइनबेहाल्टन' लिहिलंत तर ती रक्कम कापून घेतली, कदाचित कायमची, असं वाचता येतं.

करार बांधकामाचा किंवा काहीतरी बनवून देण्याचा असता तर कलम ६४१ पाहायला सांगितलं असतं. दोष दुरुस्त करून मागण्याचा हक्क असेल तर ग्राहक मोबदल्याचा वाजवी भाग देणं नाकारू शकतो, आणि वाजवी म्हणजे सर्वसाधारणपणे दुरुस्तीच्या खर्चाच्या दुप्पट. इथेही कायद्याचं क्रियापद 'फेअरवायगर्न'च. कंत्राटदाराच्या बिलातून हमी म्हणून आधीच ठरवून जी टक्केवारी मागे ठेवतात, जिला आपल्याकडे साइटवर 'रिटेन्शन' म्हणतात, ती मात्र 'झिशरहाइट्सआइनबेहाल्ट'. तिथे 'आइन' बरोबर आहे, कारण ती कपात सुरुवातीलाच कबूल झालेली आहे.

जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांची पत्रं भाषांतराला येतात, त्यात घरमालकाने अनामत रक्कम परत न दिल्याची तक्रार वारंवार असते. तिथे मुलं रागाने 'फोरएन्टहाल्टन' लिहितात. जर्मन पत्रव्यवहारात घरमालक अनामत 'आइनबेहाल्टन' करतो, आणि तक्रार करायची असेल तर त्याच्या आधी 'त्सू उनरेश्ट', म्हणजे अन्यायाने, एवढं लावतात. त्याने पत्र थंड डोक्याचं वाटतं आणि काम जास्त करतं. उलट भाडेकरू मुदत संपल्यावर घर सोडत नसेल, तर कायदा स्वतःच 'फोरएन्टहाल्टुंग' म्हणतो. कलम ५४६अ प्रमाणे त्या काळासाठी घरमालकाला ठरलेलं भाडं भरपाई म्हणून मागता येतं. घर मालकाचं, हक्क मालकाचा, आणि ते दिलं जात नाही. शब्द अगदी चपखल बसतो.

'फोरएन्टहाल्टन'ची धार बघायची तर आणखी दोन कलमं वाचा. बेगेबेच्या कलम १६३२ मध्ये आईवडिलांना आपलं मूल परत मागण्याचा हक्क दिलाय, ज्याने कुणी ते बेकायदा 'फोरएन्टहेल्ट' त्याच्याकडून. आणि फौजदारी संहितेच्या कलम २६६अ मध्ये मालकाने कामगाराच्या वाट्याची सामाजिक विम्याची वर्गणी वसुली संस्थेला दिली नाही, तर तेच क्रियापद येतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. त्याच कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात 'आइनबेहाल्टन'ही आहे: मालक दुसऱ्या कुणाला द्यायचे पैसे कामगाराच्या पगारातून कापतो, पण पुढे देत नाही आणि कामगाराला तसं कळवतही नाही. कापणं हा तिथे गुन्हा नाही. कापून पुढे न देणं आणि गप्प राहणं हा गुन्हा आहे. एकाच कलमात दोन्ही क्रियापदं आपापलं काम कसं करतात ते मी नव्या अनुवादकांना हाच मजकूर समोर ठेवून दाखवते.

आता चौथं वाक्य, अहवालांचं. तपासनिसाने तिथे रेघ मारली नाही, ते योग्यच. पण एक अट आहे. चाचणीचे अहवाल खरेदीदाराला द्यायचे असं करारात कुठेतरी लिहिलेलं हवं. ते कलम शोधा. सापडलं तर 'फोरएन्टहाल्टन' ठेवा, वाक्याला कणा आहे. जर्मन कंपन्यांमध्ये कामगारांच्या 'बेट्रीब्सराट'ला, म्हणजे आस्थापना-समितीला, माहिती वेळेवर आणि संपूर्ण द्यायची असं कायद्याने बंधन आहे. तिथे माहिती दिली नाही तर हाच शब्द येतो, आणि तो योग्यच असतो. तसं कलम सापडलं नाही तर साधा नकार लिहा: अहवाल 'निश्ट फोरगेलेग्ट', सादर केले नाहीत. चांगल्या जर्मनमध्ये 'विथहोल्ड'चं भाषांतर पुष्कळदा नुसत्या 'निश्ट'ने होतं. दिलं नाही, कळवलं नाही, भरलं नाही. शब्दकोशात हे सापडत नाही म्हणून लोक विसरतात.

'फेअरश्वायगन' इथे बसणार नाही. ते वस्तुस्थितीला लागतं, कागदाला नाही. अहवालातला दोष 'फेअरश्वायगन' करता येतो, अहवाल नाही. विक्रेत्याने दोष लबाडीने लपवला असेल तर जबाबदारी नाकारणारं कलम त्याला वापरता येत नाही, हे बेगेबेच्या कलम ४४४ मध्ये याच क्रियापदाने सांगितलंय. आणि 'उन्टरश्लागन' तर नकोच. अपहाराच्या गुन्ह्याचं ते नाव आहे.

वकिली सोडून इतर मजकुरात हेच क्रियापद वेगवेगळ्या वेषात येतं. वाचकाच्या पत्राखाली 'नेम विथहेल्ड' असेल तर जर्मन वृत्तपत्र लिहितं 'नामे देअर रेडाक्त्सिओन बेकांट', नाव संपादकांना माहीत आहे. फोनवर नंबर दिसत नसेल तर 'उन्टरड्र्युक्टे रूफनुमर'. नातेवाइकाविरुद्ध साक्ष द्यायची नसेल तर ती नाकारण्याचा हक्क, 'त्सॉयग्निसफेअरवायगरुंग्सरेश्ट'. मत राखून ठेवायचं असेल तर 'झिश आइनेस उर्टाइल्स एन्टहाल्टन', षष्ठी विभक्तीसकट. मुलाला शिक्षा म्हणून माया आखडती घेणाऱ्या आईबापांसाठी 'लीबेसएन्टत्सूग' हे नाम आहे, तिथे क्रियापद शोधत बसू नका.

वैद्यकीय मजकुराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे चुकीचा शब्द माणसाला दुखावतो. शेवटच्या आजारात उपचार सुरूच न करण्याला इंग्रजीत 'विथहोल्ड' म्हणतात. तिथे 'फोरएन्टहाल्टन' लिहिलं तर डॉक्टरने रुग्णाच्या हक्काचा उपचार त्याला दिला नाही, असा अर्थ होतो. कुटुंबाने जड मनाने घेतलेला निर्णय तुम्ही गुन्ह्यासारखा मांडता. जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २५ जून २०१० च्या निकालात यासाठी तीन क्रियापदं ओळीने वापरली: 'उन्टरलासन, बेग्रेन्त्सन ओडर बेएन्डन', म्हणजे न करणे, मर्यादित ठेवणे किंवा थांबवणे, आणि या तिन्हींना मिळून 'बेहांडलुंग्सआबब्रुख', म्हणजे उपचार तोडणे, म्हटलं. रुग्णाच्या खऱ्या किंवा अनुमानाने काढलेल्या इच्छेशी ते जुळत असेल तर ते कायद्याने समर्थनीय ठरतं, असा तो निकाल होता. हॉस्पिटलचा कागद भाषांतराला आला तर यातलं पहिलं क्रियापद घ्या. मूळ इंग्रजीत सुरू न करणं आणि बंद करणं असा भेद केलेला असतो, तो जर्मनमध्येही दिसू द्या.

उलट टोकाचंही एक वाक्य सांगते. जर्मन माणूस एखादी छान बातमी सांगताना म्हणतो, 'दास म्योश्टे इश ईनन निश्ट फोरएन्टहाल्टन'. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, असा त्याचा अर्थ. इथे आरोप नाही, प्रेम आहे. पण हक्काची कल्पना तीच आहे: ही बातमी तुमच्या वाट्याची, मी ती माझ्याकडे कशी ठेवू?

व्याकरणात तीन जागी लोक घसरतात. 'आइनबेहाल्टन'चं भूतकालवाचक रूप 'आइनबेहाल्टन'च राहतं, मध्ये 'गे' घुसत नाही. 'त्सुरूकहाल्टन'चं (रोखून धरणे) मात्र 'त्सुरूकगेहाल्टन' होतं, कारण तिथे 'बे' नाही. आणि 'फोरएन्टहाल्टन' साध्या वाक्यात तुटतं: 'एअर एन्टहेल्ट मिअर दी उन्टरलागन फोर', म्हणजे तो मला माझ्या हक्काची कागदपत्रं देत नाही. न तोडलेलं रूप मुख्य वाक्यात क्वचित दिसतं, पण करारात तोडूनच लिहा. व्यक्ती चतुर्थीत, वस्तू द्वितीयेत. इंग्रजीतलं 'फ्रॉम' उचलून त्याच अर्थाचं जर्मन शब्दयोगी अव्यय 'फोन' लावलंत तर वाक्य मोडतं.

शेवटी एक अवघड प्रसंग. कधीकधी मूळ लेखकाने 'विथहोल्ड' मुद्दाम वापरलेलं असतं, हक्क कुणाचा हाच वाद असल्यामुळे. प्रतिवादीचं उत्तर, तडजोडीची पत्रं, चौकशी अहवालाचा मसुदा, यांत हे हमखास असतं. तिथे एक बाजू घेणं हा अनुवादकाचा अधिकार नाही. अशा वेळी मी 'निश्ट हेराउसगेगेबन' (हवाली केलं नाही) किंवा 'निश्ट आउसगेत्साल्ट' (पैसे दिले नाहीत) असं कोरडं क्रियापद घेते आणि ग्राहकाला एक ओळ लिहून विचारते: या पानावर तुमच्या मते समोरच्याचा हक्क होता का? तुमच्या चौथ्या वाक्यासाठीही, कराराचं कलम सापडेपर्यंत, हीच ओळ आज पाठवा. तक्रारपत्र कुणी लिहिलंय आणि ते कोणाच्या वकिलाकडे जाणार आहे, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.